डावी बाजू कच्ची

तिला कुठेही उभं करा, ती फिरून दारात जाऊन उभी राहते. लेकीकडे गेली की स्वयंपाकघराच्या दारात, दवाखान्यात गेली की डॉक्टरांच्या दारात. खुर्च्या रिकाम्या पडलेल्या असोत, ही आपली चौकटीत. जावई गरीब स्वभावाचा, पण तोही एकदा म्हणाला, "आई, आत तरी या, नाहीतर बाहेर तरी जा. माझा चहा उतू चाललाय." त्यावर ती हसली आणि अर्धं पाऊल सरकली. मागे सरकली, बाजूला नाही. त्याचा चहा गेला तो गेलाच.

हे अर्धं पाऊल कुठून आलं ते सांगायचं तर पंचेचाळीस वर्षं मागे जावं लागतं.

त्या वेळी फोन लावायचा म्हणजे मध्ये एक बाई लागायची. टेलिफोन एक्सचेंजच्या वरच्या मजल्यावर लांबलचक बोर्डासमोर अकरा बायका ओळीने बसायच्या. डोक्यावर हेडफोन, समोर भोकंच भोकं, हातात दोऱ्या. ह्या भोकातली दोरी त्या भोकात खोचली की इकडचा माणूस तिकडच्याशी भांडायला मोकळा. तिथे कुणी कुणाला नावाने हाक मारत नसे, बसायच्या जागेचा नंबर हेच नाव. ही पाच नंबर. चार नंबर बडबडी, सहा नंबर झोपाळू, आणि मध्ये ही, दिवसभर लोकांचं हॅलो हॅलो ऐकून कान सुजवून घेणारी. साडेचारला ड्यूटी सुटली तरी कानातलं हॅलो सुटायचं नाही. घरी तीन वर्षांच्या मुलीने "आई" म्हटलं तरी हिच्या तोंडातून आधी "नंबर प्लीज" यायचं.

तर एक दिवस ड्यूटी संपल्यावर ती खालच्या पॅसेजमध्ये बाकावर टेकली होती, कान जरा थंड होऊ देत म्हणून. समोरच्या दारातून एक पांढरा चेंडू टप टप करत बाहेर आला आणि तिच्या चपलेला येऊन लागला. त्याच्या मागून बॅटरीकाका आले.

बॅटरीकाका म्हणजे एक्सचेंजच्या बॅटऱ्यांना पाणी घालणारे. तळघरात ह्या मोठ्या मोठ्या काचेच्या बरण्यांत त्या बॅटऱ्या असत आणि त्यांच्या जिवावर सगळ्या गावाचे फोन चालत. आतल्या तेजाबाचे शिंतोडे उडून काकांच्या एकूण एक शर्टाची चाळणी झालेली. त्यांच्या बाहीतून चहा गाळता येईल, असं चार नंबर म्हणायची. एक गुडघा कामातून गेलेला. पण टेबल टेनिसची बॅट हातात आली की माणूस बदलायचा.

काकांना जोडीदार नव्हता, कारण ते मारतच नसत. समोरच्याने कितीही जोरात चेंडू हाणला तरी काका तो शांतपणे परत करत. पुन्हा हाणला, पुन्हा परत. शेवटी समोरचा वैतागून स्वतःच चुकायचा. तरुण लाइनमन बॅट आपटून म्हणायचे, ह्याला काय खेळ म्हणतात का काका? "मग तू का हरलास?" एवढंच काका विचारायचे. अशा माणसाशी कोण खेळणार? त्यांनी पाच नंबरच्या हातात बॅट दिली ती काही तिच्यात गुण दिसले म्हणून नव्हे. ती बाकावर होती आणि तिला पळून जाता आलं नाही, एवढंच.

ती खोली मूळची अडगळीची. टेबल आत आणायला म्हणे दाराची चौकट उखडावी लागली होती. मग चौकट परत बसवली, आणि हे टेबल आता ह्या जन्मी बाहेर येत नाही, हे तेव्हाच ठरून गेलं. खिडकीच्या बाजूला चार पावलं जागा होती. दाराच्या बाजूला टेबल आणि भिंत ह्यांच्यात जेमतेम एक माणूस मावे, तोही जेवला नसेल तर. म्हणून दाराकडच्याने दार सताड उघडं टाकायचं आणि मागे सरकत सरकत चौकटीतून पॅसेजमध्ये जाऊन खेळायचं. चेंडू दारातून आला तर ठीक. दाराच्या डावी-उजवीकडे गेला की भिंतीलाच आपटणार, तिथे कुणाचे हात पोचत नसत. त्यासाठी त्या खोलीने आपला एक कायदा केला होता. चेंडू भिंतीला लागला की "भिंत" असं म्हणायचं, आणि तो पॉइंट पुन्हा खेळायचा. नव्या माणसाला दाराची बाजू, हाही कायदाच.

"मारायचं नाही," काका पहिल्या दिवशी म्हणाले. "सहा महिने मारायचं नावसुद्धा काढायचं नाही. चेंडू येतोय ना, येऊ दे. वर जाऊ दे, दमू दे. खाली उतरायला लागला, कमरेशी आला, की बॅट वरून खाली आणायची आणि त्याच्या पोटाखालून काप द्यायचा. ह्याला चॉप म्हणतात. असा चेंडू उलटा गरगरत जातो. समोरच्याला वाटतो साधा, मारायला गेला की थेट जाळीत."

ऐकायला सोपं होतं. पण आपल्याकडे काही येताना दिसलं की माणसाचा हात आधी पुढे जातो. तिचा गेला की काका म्हणायचे, उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग. हात पुढे जाऊ नये म्हणून त्यांनी तिला चौकटीच्याही मागे उभं केलं. तिला शिकवायचं म्हणून काकांना स्वतःला मारावं लागायचं, आणि मारताना त्यांचं तोंड कडू औषध घेतल्यासारखं व्हायचं. तीन आठवडे तिने काप दिला तो चेंडूला की हवेला, हे कळायला मार्ग नव्हता. बॅट जोरात ओढली की चेंडू छताला, हळू ओढली की जाळीत.

आणि मग एका सकाळी ती घरी दुधावरची साय काढत होती. सासूबाई पाठीमागून म्हणाल्या, "खरवडतेस काय अशी? पळी आडवी धर आणि खालून अलगद घे. सायीला कळता कामा नये." तिने पळी आडवी धरली. साय एकसंध वर आली. त्या दिवशी संध्याकाळी तिने तोच हात चेंडूला लावला, आणि चेंडू जाळीवरून एक बोटभर उंचीने गेला, पलीकडे टेकला आणि तिथेच बसल्यासारखा झाला. काकांनी बॅट खाली ठेवली. कुणी शिकवलं, म्हणाले. ती म्हणाली, सासूबाईंनी. काकांना वाटलं थट्टा करतेय.

सासूबाईंना ह्यातलं काही माहीत नव्हतं. घरी सांगितलं होतं की हल्ली बोर्डावर काम वाढलंय, अर्धा तास जास्त होतो.

आता ह्या अर्ध्या तासाचं सांगायला हवं, कारण सगळं रामायण त्याचंच. सासूबाई शिंप्याकडच्या शर्टांना काजं करायच्या. काजं म्हणजे बटणाची भोकं, प्रत्येक भोकाला हाताने टाका. डोळ्यांना बारीक काम, दिव्याखाली व्हायचं नाही, उजेडच लागायचा. दिवसभर नातीच्या मागे धावून त्यांच्या हाती संध्याकाळचा तेवढा उजेड उरायचा. सून पाचला घरात आली, मुलीला घेतलं, की खिडकीशी बसून अंधार पडेपर्यंत चार शर्ट हातावेगळे होत. सून साडेपाचला आली की दोनच. म्हणजे सुनेने जो अर्धा तास काढला होता तो आभाळातून पडला नव्हता. सासूबाईंच्या खिडकीतून उचलला होता.

चार शर्टांचे दोन झाले की बाई गप्प बसत नाही. एक दिवस त्या नातीला कडेवर घेऊन एक्सचेंजवरच आल्या. खाली पॅसेजमध्ये शिरल्या आणि बघतात तो समोर सुनेची पाठ. सून हातात लाकडी पळीसारखं काहीतरी घेऊन एक एक पाऊल मागे मागे येतेय. हाक मारावी तोवर ती आलीच, आणि टाच बरोबर सासूबाईंच्या अंगठ्यावर. तेवढ्यातही तिने आधी चेंडू परत केला, मग मागे वळून बघितलं.

सासूबाई लंगडत घरी आल्या. पाय गरम पाण्यात ठेवला, मग कोर्ट बसवलं.

"ह्यातून मिळतं काय तुला?"

तिने पुष्कळ विचार केला. खेळ म्हणावं तर त्या म्हणणार खेळायचं वय आहे का. व्यायाम म्हणावं तर घरात केर काढायला आहेच. शेवटी खरं तेच सांगितलं. "आई, कान रिकामे होतात. तिथे फक्त टप टप ऐकू येतं. मग घरी आले की तुमचं बोलणं ऐकू येतं."

"माझं ऐकायला एवढी तयारी लागते होय," सासूबाई म्हणाल्या. मग निकाल दिला. एक वर्ष. वर्षअखेर सगळ्या एक्सचेंजच्या बायकांच्या स्पर्धा असतात असं ऐकलं होतं त्यांनी, चार नंबर बोलली होती, ती कुणाला काय बोलेल नेम नाही. तिथून काहीतरी आण. पेला आण, ढाल आण, आमच्या उजेडाचं काहीतरी झालं असं दिसू दे. नाहीतर साडेचारला सुटायचं आणि पाचला घरात.

पाच नंबरला पेल्याचं काही नव्हतं. तिला तो अर्धा तास हवा होता. सबंध दिवसात बोर्डाचे आठ तास, घराचे बाकीचे, आणि तिचा स्वतःचा म्हणाल तर तेवढाच. तो राखायचा म्हणून ती वर्षभर चौकटीत उभी राहून साय काढत राहिली. सात महिन्यांनी लाइनमन तिच्याशीही खेळेनासे झाले, तेव्हा काका म्हणाले, आता जमलं.

स्पर्धेच्या दिवशी सासूबाई स्वतः आल्या. नातीला बापाच्या हवाली केलं आणि बसने सुनेबरोबर निघाल्या. पैज स्वतः लावली होती, निकालही स्वतःच्या डोळ्यांनी बघायचा होता.

हॉल केवढा तर आपलं सगळं एक्सचेंज आत ठेवून वर झाडू मारता येईल. चार टेबलं, आणि प्रत्येकाच्या मागे लांबच लांब मोकळी फरशी. पाच नंबर आपल्या टेबलापाशी गेली, दोन पावलं मागे झाली, आणि तिला काही सुचेना. आणखी मागे गेली, तर टेबल लांब. पुढे आली, तर अंगावर. एवढ्या जागेत माणसाने उभं राहायचं कुठे? समोर मुख्य एक्सचेंजची चष्मेवाली, उंचीला ताडासारखी. तिने दुसराच चेंडू डाव्या कोपऱ्यात असा हाणला की तो टेबलावर टेकून सुसाट बाहेर गेला. पाच नंबर जागची हलली नाही. शांतपणे म्हणाली, "भिंत."

अंपायरने इकडे बघितलं, तिकडे बघितलं. "कुठली भिंत, बाई?"

सगळा हॉल हसला. पॉइंट चष्मेवालीला गेला. पण वर्षभराची सवय काय एका हशाने जाते? पुढच्या दहा मिनिटांत ती आणखी चार वेळा "भिंत" म्हणाली, शेवटी शेवटी मनातल्या मनात, तरी पाय जागचे हलेनात. चष्मेवाली काही वेडी नव्हती. दोन्ही कोपरे बघून मारायला लागली, त्यातही डावा जास्त. पहिला गेम एकवीस-आठ.

मधल्या वेळात काका पाण्याचा पेला घेऊन आले आणि नुसते उभे राहिले. त्यांना चूक कळली होती, चूक त्यांचीच होती. वर्षभर पोरीला चौकटीत उभं करून शिकवलं, चौकटीबाहेर काय करायचं ते शिकवायचं राहूनच गेलं.

सासूबाई वर, प्रेक्षकांच्या बाकावर होत्या. त्यांना खेळातलं ओ की ठो कळत नव्हतं. पण ती खोली त्यांनी पाहिली होती, त्या दाराने त्यांचा अंगठा सुजवला होता. त्या उठल्या. खाली आल्या, एक लाकडी खुर्ची उचलली, आणि सुनेच्या मागे डाव्या अंगाला, खेळाची जागा संपते त्या रेघेच्या बाहेर ठेवून तिच्यावर बसल्या. मग काकांकडे बघून म्हणाल्या, "तुम्ही त्या बाजूला बसा. सरळ बसा, हलायचं नाही."

काका दुसरी खुर्ची घेऊन उजव्या अंगाला बसले. दोघांमध्ये दाराएवढं अंतर. दोघांनी त्याआधी एकमेकांशी कधी शब्द बोललेला नव्हता, आणि आता हात मांडीवर ठेवून, समोर बघत, दोन खांबांसारखे बसलेले. अंपायरने विचारलं, हे काय? सासूबाई म्हणाल्या, म्हातारी माणसं आहोत, लांबून दिसत नाही. खुर्च्या रेघेबाहेर होत्या, त्याला काही बोलता येईना.

पाच नंबरने एकदा डावीकडे बघितलं, एकदा उजवीकडे. आणि तिचे पाय आपोआप जिथे जायचे तिथे गेले.

त्यानंतरचा खेळ त्या हॉलमध्ये बघणाऱ्यांना बरेच दिवस आठवत होता. चष्मेवाली मारतेय, ही परत करतेय. पुन्हा मारतेय, पुन्हा परत. टप टप, टप टप, घड्याळ लावल्यासारखं. एकेक चेंडू जाळीवरून बोटभर उंचीने जाई आणि पलीकडे बसे. दाराच्या बाहेरचे चेंडूही ती आता घ्यायला लागली. दार कुठे आहे हे कळल्यावर त्याच्या बाहेर किती जायचं हेही कळतंच की. उजवीकडे काकांपर्यंत ती नीट पोचायची. डावीकडे मात्र अर्धा हात कमी पडायची, एकदा तर सासूबाईंच्या मांडीवरच गेली. त्या हलल्या नाहीत. तिला उठवून परत दारात ढकललं.

दुसरा गेम तिने घेतला, एकवीस-सतरा. तिसरा एकोणीस-एकोणीसपर्यंत आला, आणि शेवटचे दोन्ही चेंडू गेले डाव्या कोपऱ्यातून. अर्धा हात.

पहिल्याच मॅचमध्ये बाहेर. पेला नाही, ढाल नाही. येताना बसमध्ये सासूबाई खिडकीशी बसल्या होत्या आणि पाच नंबर त्यांच्या शेजारी हात मांडीवर ठेवून.

दुसऱ्या दिवशी साडेचारला ड्यूटी सुटली. खाली पॅसेजमध्ये दार उघडं होतं, काका आत एकटेच चेंडू टपकवत होते. तिने आत बघितलं नाही. बघितलं असतं तर पाय हलले नसते. पाचला घरात. चपला काढल्या, हात धुतले आणि मुलीला घ्यायला पुढे झाली.

मुलगी घरात नव्हती. सासूबाई खिडकीशी, मांडीवर शर्ट, सुई दाताखाली.

"आज लवकर कशी?"

"ठरलं होतं ना, आई. काही आणलं नाही मी."

सासूबाईंनी दोरा ओवला. घाई केली नाही. "मी काल सगळं जवळून बघितलं. माझ्या बाजूचे किती सोडलेस, मोजलेस का? मी मोजले. चौदा. त्या माणसाच्या बाजूचे फक्त तीन. तो तेजाबवाला, परका, त्याच्या बाजूचे घ्यायचे, आणि सासूच्या बाजूचे सोडून द्यायचे. लोक काय म्हणतील?"

पाच नंबरला हसावं की रडावं कळेना.

"डावी बाजू कच्ची आहे तुझी," सासूबाई म्हणाल्या. "काम कच्चं टाकून घरी यायची आपल्या घरात रीत नाही. मी काज अर्धं सोडून उठते का कधी? जा."

"आणि मुलगी?"

"तिचा बाप तीनला डेपोतून सुटतो आणि पाचपर्यंत घोरतो. बाप आहे, पाहुणा नाही. बागेत घेऊन गेलाय. तुझ्या खेळाने माझे दोन शर्ट खाल्ले, त्याच्या झोपेने किती खाल्ले ते मी आत्ता कुठे मोजायला लागलेय. जा, म्हातारा वाट बघत असेल."

ती गेली. चपला घालायलाही विसरली होती, अर्ध्या वाटेतून परत आली.

त्यानंतर ती अकरा वर्षं त्या चौकटीत खेळली. खोलीचा कायदा काकांनी दुसऱ्याच दिवशी रद्द केला. भिंतीला चेंडू लागला तर लागला, तुझा पॉइंट गेला, म्हणाले, मग शीक कसं पोचायचं ते. भिंतीवर दाराच्या डाव्या अंगाला तिच्या कोपराचा काळा डाग पडला. काका निवृत्त झाले तरी संध्याकाळी यायचे, आणि नंतर नंतर नुसते खुर्चीवर बसून असायचे, उजव्या बाजूला. मग यायचे थांबले. एक्सचेंज आपोआप चालणारं झालं, बोर्ड गेले, नंबरवाल्या बायका पांगल्या. टेबल बाहेर काढायची वेळ आली तेव्हा कुणाला चौकट उखडायला सवड नव्हती, करवतीने दोन तुकडे केले. ती त्या दिवशी पॅसेजमध्येच उभी होती.

तोवर रोज घरी आली की सासूबाई सुईतून मान वर न करता विचारायच्या, "डावी बाजू?"

आणि ती म्हणायची, "अजून कच्ची आहे, आई."

पहिल्या वर्षी ते खरं होतं. दुसऱ्या वर्षीही थोडं खरं होतं. तिसऱ्या वर्षी चष्मेवालीला तिने डाव्या कोपऱ्यातूनच हरवलं, आणि तेव्हा सासूबाई खुर्चीवर बसलेल्या, दीड हातावर. त्यांच्यासमोर सोळा चेंडू आले आणि सोळाही परत गेले, हे त्यांनी मोजलं नसेल असं होणं शक्य नाही. काजांची बाई ती, मोजणं तिच्या बोटात होतं. घरी आल्यावर त्या नेहमीसारख्या उरलेल्या उजेडात खिडकीशी बसल्या, शर्ट उचलला.

"डावी बाजू?"

पाच नंबरने एकदा त्यांच्याकडे बघितलं. पक्की झाली म्हटलं तर काम संपलं, आणि काम संपलं की अर्धा तास संपला.

"कच्चीच आहे अजून."

"मग जात जा," सासूबाई म्हणाल्या, आणि दोऱ्याला गाठ मारली.